पाय टेकायला पाट

झरनाचं आंतर्देशीय पत्र आलं तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी दोडक्यांवरून हुज्जत घालत होते. पत्र बंगालीत होतं. कलकत्ता सोडून मला चार वर्षं झाली, वाचायची सवय मोडलेली. अक्षरं लावत लावत पहिली ओळ पुरी केली आणि थांबले. 'शरयूदी आर नेइ...' शरयूदी आता नाहीत. एवढं समजायला बंगाली यावं लागत नाही. पत्रावरचा शिक्का बारा दिवसांपूर्वीचा होता. म्हणजे बारा दिवस मी इथं पुण्यात खातपीत होते, शेजारणीच्या मुलीच्या केळवणाला जाऊन आले होते, आणि तिकडे डॉक्टर शरयू तांबवेकर केव्हाच... भाजीवाला काहीतरी विचारत होता. त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

झरना कोण ते पुढे येईलच. आधी मला एक भांडण उरकून घ्यायचं आहे. पत्रामागोमाग कलकत्त्याच्या आपल्या मराठी मंडळाचं वार्तापत्र आलं आणि त्यात शोकसभेचा वृत्तांत होता. वक्त्यांनी शरयूताईंना शांत, सोज्ज्वळ, सेवाभावी आणि मितभाषी म्हटलं होतं. विज्ञानाच्या यज्ञात त्यांनी आयुष्याची समिधा वाहिली, असंही कुणीतरी म्हणालं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि माझं डोकं फिरलं. बाई शांत नव्हती. मितभाषी तर मुळीच नव्हती. बोलायला लागली की समोरच्याचा चहा निवायचा. ती हट्टी होती, भांडखोर होती, आणि तिच्या भांडखोरपणामुळे कितीतरी मुलींना त्यांची हिरावलेली ओळख परत मिळाली. गेलेल्या माणसाला गुळगुळीत करून भिंतीवर टांगायची आपल्याकडे रीत आहे. ती रीत पाळणाऱ्यांनी खुशाल पाळावी, मी शरयूताई होत्या तशा सांगणार आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. यांची कस्टम्समध्ये कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही खिदिरपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. मूलबाळ नव्हतं, हाताला काम नव्हतं, भाषा येत नव्हती. माझ्या वडिलांचा मिरजेला फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे डार्करूममध्येच मी लहानाची मोठी झाले. मंडळाच्या गणपतीत मुलांच्या नाटकाचे फोटो मी काढले आणि घरच्या न्हाणीघरात खिडकीला कांबळं लावून धुतले. ते बघायला जमलेल्या बायकांत एक उंच, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई फोटो नाकाशी धरून उभी होती. हे कुणी धुतले, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मी. कुठं? न्हाणीघरात. 'मग सोमवारी नऊला ये. माझ्याकडे खरी डार्करूम आहे. तिथं एक पाल आहे, पण ती कामात लुडबुड करत नाही.' एवढ्या मुलाखतीवर मला शरयूताईंच्या इस्पितळात नोकरी लागली.

तांबवेकरांचं घराणं तीन पिढ्या भवानीपुरात. शरयूताईंचा जन्म तिथलाच, शिक्षण तिथलंच. मराठी बोलायच्या स्वच्छ, पण तिला बंगाली वळण. चहा 'खायच्या', पाणी 'खायच्या', आणि सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरला 'दिवसाला किती खाता?' म्हणून विचारायच्या. मला हसू आवरायचं नाही. तर म्हणायच्या, 'तुमच्या मिरजेत चहा पितात म्हणून तो काही जास्त गोड लागत नाही.' लग्न केलेलं नव्हतं. घरी त्या आणि त्यांची आई, आणि माजघरात भिंतीला टेकवून ठेवलेले आईच्या लग्नातले शिसवी पाट, पितळी फुल्यांचे. त्यातला एक पाट या लेखात पुन्हा येणार आहे.

इस्पितळ जुनं, सरकारी. तळमजल्यावर आमच्या तीन खोल्या. तेव्हा आमच्याकडे एक सोपी तपासणी चालायची. वेळेवर वयात न आलेली मुलगी आली, की तिच्या गालाच्या आतून लाकडी चपट्या पट्टीनं हलकेच खरवडायचं, ते काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बाईच्या पेशीत एका कडेला गडद ठिपका दिसतो, पुरुषाच्या दिसत नाही. अहवालाच्या छापील फॉर्मवर दोन चौकोन होते: 'स्त्री नमुना' आणि 'पुरुष नमुना'. ठिपका दिसला की पहिल्यावर खूण, नाही दिसला की दुसऱ्यावर, आणि खाली सही. तिसरा चौकोन नव्हता. फॉर्म वर्षानुवर्षं तसाच छापून येत होता आणि शरयूताईही वर्षानुवर्षं त्यावर सही करत आल्या होत्या.

मी कामाला लागले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झरना मंडल आली. सतरा वर्षांची, खिदिरपूरच्या गोदीत काम करणाऱ्या माणसाची मुलगी. उंची दहा वर्षांच्या पोरीएवढी, मान जरा रुंद, आणि डोळे असे की समोरच्यानं आधी नजर खाली घ्यावी. तिच्याबरोबर आई होती आणि आईच्या हातात वर्षापूर्वीचा आमचाच अहवाल. घरात मसाल्याच्या डब्यामागे लपवलेला असावा, कारण कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा डाग होता. झरना शाळेची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली होती. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवडही झाली होती. पण वैद्यकीय कागदांत हा अहवाल गेला आणि तिथल्या मंडळानं तो परत पाठवून कळवलं की मुलींच्या वसतिगृहात 'पुरुष नमुना' असलेल्या उमेदवाराला घेता येणार नाही. जागा धरून ठेवायला त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती, ती बहुधा नकार सभ्य दिसावा म्हणून.

आई रडत होती, मुलगी नाही. तिनं तो कागद टेबलावर ठेवला, सहीवर बोट टेकवलं आणि ही कुणाची म्हणून विचारलं. शरयूताई म्हणाल्या, माझी. मग ती म्हणाली, 'तबे आमि की?' तर मग मी कोण?

दहा वर्षं झाली, पण तो प्रश्न मी विसरलेले नाही. शरयूताईंनी तो कागद उचलून नाकाशी धरला. मग त्या म्हणाल्या, 'तू मुलगी आहेस. कागद चुकला आहे. मी तो दुरुस्त करून देईन.' दोघी गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. मी आत डोकावले तर कोरा फॉर्म पुढ्यात घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, 'ठिपका नव्हता हे खरं. पण ठिपका नाही म्हणजे पुरुष, हे कुणी ठरवलं? छापखान्यानं. आणि मी मान डोलावली. मला टर्नर सिंड्रोम माहीत होता गं. पुस्तकात वाचलेला होता...' वाचलेलं असून आपण खूण केली, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

टर्नर सिंड्रोम म्हणजे काय ते मला त्यांनी त्याच दिवशी समजावलं. मुलीच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात. काही मुली एकाच एक्सवर जन्माला येतात. तो ठिपका दुसऱ्या एक्समुळे दिसतो, म्हणून यांच्यात तो नसतो. उंची कमी राहते, पाळी आपणहून येत नाही, काहींच्या हृदयाकडून निघणाऱ्या मोठ्या धमनीत दोष असतो. बाकी त्या आपल्यासारख्याच हसतात, रुसतात, पास होतात. त्या मुलीच असतात. 'यात पुरुष कुठून आला?' शरयूताई टेबलावर मूठ आपटून मला विचारत होत्या, जणू फॉर्म मीच छापला होता.

कागद दुरुस्त करायचा तर गुणसूत्रं मोजायला हवीत, आणि ती आमच्याकडे कुणी मोजलेली नव्हती. रक्तातल्या पेशी वाढवायला एक परदेशी पावडर लागे, तिला परवाना लागे आणि परवान्याला सहा महिने लागत. शरयूताईंनी कुठंतरी वाचलं होतं की ती पावडर मुळात राजम्यापासूनच काढतात. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीभर राजमा घेऊन आल्या. भिजव, वाट, गाळ, पुन्हा गाळ. फ्रीजवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी लागली, 'यातला राजमा खाऊ नये.' पेशी बरोबर तीन दिवस उबेत ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी ठरल्या तासाला काढायच्या. पहिल्यांदा वीज गेली आणि सगळं वाया गेलं. दुसऱ्यांदा बुरशी धरली. तिसऱ्यांदा सगळं जमून आलं तर तिसऱ्याच दिवशी बंद पुकारलेला. तेव्हाचे बंद म्हणजे चेष्टा नव्हती, रस्त्यात बॉम्ब फुटायचे. हे मला जाऊ देईनात. मी म्हटलं, त्या एकट्या जातील आणि मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शेवटी हे मला अर्ध्या रस्त्यापर्यंत पोचवायला आले. पोचले तर शरयूताई भवानीपुराहून चालत येऊन, तुटलेली चप्पल कोपऱ्यात टाकून, अनवाणी पायांनी कामाला लागलेल्या. 'बंद माणसांचा असतो,' त्या म्हणाल्या, 'पेशींना कुणी कळवलेलं नाही.'

पुढचं काम माझं. सूक्ष्मदर्शकातून फोटो घ्यायचा, तो मोठा करायचा, आणि मग त्यातलं एकेक गुणसूत्र नखं कापायच्या वाकड्या कात्रीनं कापून, आकारानं लावून, कागदावर डिंकानं चिकटवायचं. सेहेचाळीस तुकडे, तांदळाएवढे. शिंक आली तर दिवस वाया. पहिल्या फोटोचे तुकडे लावले आणि एक्स ज्यात मोडतं त्या मधल्या आकाराच्या गटात सोळा हवेत तर पंधरा भरले. वाटलं, पाडला आपण एक. मी पंखा बंद केला, पदर झटकला, टेबलाखाली शिरले आणि बॅटरी घेऊन फरशीच्या फटीफटीतून तो तुकडा शोधायला लागले. केरसुणीच्या काड्यासुद्धा सोडवून बघितल्या. अर्ध्या तासानं शरयूताई आल्या, तर मी गुडघ्यांवर. काय हरवलं म्हणून विचारलं. मी रडकुंडीला येऊन सांगितलं. त्या खाली माझ्याशेजारी फरशीवर बसल्या आणि त्यांनी माझ्या हातातली बॅटरी विझवली. 'ऊठ. हरवलं नाहीये. तिच्यात ते नव्हतंच.' आपली पडलेली वस्तू आणि तिची नसलेली वस्तू यातला फरक मला तेव्हा कळला. दुसऱ्या पेशीत पंधरा, तिसऱ्या पेशीत पंधरा. मग मी मोजायला घाबरले नाही.

पण नर्सिंगच्या मंडळाला एकट्या प्रयोगशाळेचा कागद पुरणार नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, हृदयाचा डॉक्टर हवा. दोघेही आमच्याच इस्पितळात होते: डॉ. सान्याल पहिल्या मजल्यावर, डॉ. दत्त दुसऱ्या. शरयूताई दत्तांकडे गेल्या तर त्यांच्या कपाटातून झरनाची फाइल निघाली! नवव्या वर्षी तिच्या छातीत बारीक आवाज ऐकू आल्याची नोंद होती. सान्यालांकडे तिची वेगळी फाइल, आमच्याकडे तिसरी. एकाच जिन्याच्या तीन टोकांना एका मुलीचे तीन तुकडे ठेवलेले, आणि तिघांपैकी कुणी कधी जिना चढलं किंवा उतरलं नव्हतं. 'मी निदान कापून पुन्हा चिकटवते तरी,' मी म्हणाले. शरयूताईंनी ते वाक्य पुढे दोघा डॉक्टरांना ऐकवलं, आणि ते माझं आहे असंही सांगितलं. मला दोन आठवडे जिन्यातून जायची चोरी झाली.

आता बसायचं कुठं? सान्याल वयानं मोठे, ते तळमजल्यावर उतरणार नाहीत. शरयूताई म्हणाल्या, मी वर येणार नाही, कारण वर गेले की ते मला उभं ठेवून बोलतात. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एक खोली होती, मोडक्या खाटांनी भरलेली. त्यांनी ती रिकामी करून घेतली, स्वतः पाणी टाकून धुतली आणि सान्यालांना निरोप पाठवला, ही ना तुमची ना माझी. म्हातारा हसला आणि आला. दर शनिवारी सकाळी तिथं बैठक बसू लागली. नियम एकच होता, तोही शरयूताईंचा: जिच्याबद्दल बोलायचं ती समोर खुर्चीत बसलेली असली पाहिजे. आईबापांनाच नाही, तिलाही सगळं सांगायचं.

पहिल्या शनिवारी झरना खुर्चीत बसली तर तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. दत्तांनी तिला विचारलं, 'खुकी, घाबरली नाहीस ना?' खुकी म्हणजे छकुली. सतरा वर्षांच्या, नर्स व्हायला निघालेल्या मुलीला! दत्त माणूस चांगला, पण लोंबणारे पाय दिसले की जीभ आपोआप लाडात येते. पुढच्या शनिवारी शरयूताई घरून आईच्या लग्नातला एक पाट घेऊन आल्या. जेवायचा पाट इस्पितळात नेतेस, म्हणून आई दोन दिवस बोलली नव्हती म्हणे. खुर्चीपुढे त्यांनी तो तीन विटांवर ठेवला. झरनानं पाय टेकले, पाठ सरळ केली आणि पहिल्यांदाच स्वतः प्रश्न विचारला. त्या दिवसानंतर दत्तांनी तिला कधी खुकी म्हटलं नाही.

सान्यालांचा मात्र मुलीला सगळं सांगायला विरोध होता. मूल होणार नाही हे तिच्या आईला सांगू, मुलीला कशाला, असं त्यांचं म्हणणं. 'तिचं मन मोडेल.' शरयूताई म्हणाल्या, 'मन तिचं आहे, मोडायचं की नाही तेही तिलाच ठरवू द्या.' आणि त्यांनी सांगितलं. काहीही न झाकता सांगितलं. गोळ्यांनी पाळी येईल, उंची वाढवायला आज आमच्याकडे औषध नाही, मूल होणं जवळजवळ अशक्य. आई पदराआड हुंदके देत होती. झरना पाटावरच्या पितळी फुलीकडे बघत होती. मग तिनं मान वर करून विचारलं, 'आणि नर्सिंग?' सान्याल चष्मा पुसायला लागले. पुढे कितीतरी वर्षं ते म्हणायचे की माझं उरलेलं शिक्षण त्या एका प्रश्नानं झालं.

नर्सिंगच्या मंडळापुढे आम्ही गेलो ते टॅक्सीतून. झरना, शरयूताई आणि मी. माझ्या मांडीवर कापडी पिशवीत पाट आणि तीन विटा. पाच माणसं लांब टेबलापलीकडे बसलेली. मी त्यांच्यादेखत विटा मांडल्या, पाट ठेवला, आणि झरना पाय टेकून बसली. अध्यक्षांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी धरले. म्हणाले, दोन्हींवर तुमचीच सही आहे डॉक्टर, यातली खरी कोणती मानायची? सगळ्या टेबलावर हसू पसरलं. शरयूताई उभ्याच होत्या.

'सह्या दोन्ही माझ्याच. पहिली चूक आहे आणि ती मी केली. या मुलीनं काहीही केलेलं नाही. शिक्षा द्यायची असेल तर मी समोर उभी आहे.'

हसू थांबलं. अध्यक्ष जरा मवाळपणे म्हणाले की मुलीला बाहेर बसू द्या, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. शरयूताई तोंड उघडणार तोच झरनाच म्हणाली, बोलणं माझ्याबद्दल आहे, मी ऐकणार. तिचे पाय पाटावरून हलले नाहीत. मग माझा चिकटवलेला कागद टेबलावरून फिरला, सान्यालांचं पत्र वाचलं गेलं, हृदयाचा आवाज निरुपद्रवी असल्याचं दत्तांनी लिहून दिलं होतं तेही. निघताना शरयूताईंनी हात पुढे केला आणि जुना अहवाल परत मागितला. तो आमच्या दप्तरात राहील, असं कुणीतरी म्हणालं. 'चूक माझी आहे,' त्या म्हणाल्या, 'मी ती घेऊन जाते.' आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, बाहेर पडल्यावर फाडून टाकतील.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला, पण दरवर्षी हृदयाचा दाखला देण्याच्या अटीवर. त्या अटीवरही शरयूताई भांडायला निघाल्या होत्या. झरनानंच त्यांना थांबवलं. मग ती दर वर्षी दत्तांकडे यायची आणि दत्त दाखला लिहिताना म्हणायचे, 'हिचं हृदय माझ्यापेक्षा धड आहे.'

इथं कुणीही थांबलं असतं. शरयूताईंनी जुनी रजिस्टरं काढली. दुसऱ्या चौकोनावर खूण झालेल्या मुली शोधल्या, आणि एकेकीच्या पत्त्यावर स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं: पुन्हा या, चूक आमची असू शकते. काही आल्या, बहुतेकींची पत्रं परत आली. बराकपूरच्या एकीकडे आम्ही सियालदाहून गाडीनं रविवारी गेलो. बापानं दारातून सांगितलं, ती इथं राहत नाही. माडीच्या खिडकीत पडदा हलला. शरयूताईंनाही दिसला. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही; समोरच्या ओट्यावर बसायच्या आणि फ्लास्कमधला चहा 'खायच्या'. पाचव्या रविवारी आईनं मागचं दार उघडलं. त्यानंतरच्या शनिवारी ती मुलगी जिन्यातल्या खोलीत पाटावर पाय टेकून बसली होती.

मुंबईच्या, वेल्लोरच्या, दिल्लीच्या डॉक्टरांना त्या पत्रं लिहीत, आमचे फोटो पाठवत, त्यांचे मागवत. कुणी उत्तर देई, कुणी नाही. एका मासिकानं त्यांचा लेख परत पाठवला: मुलींचे फोटो हवेत, डोळ्यांवर काळी पट्टी छापू. शरयूताईंनी उलट लिहिलं की डोळ्यांवर पट्टी बांधायची तर ती वाचकांच्या बांधा, आमच्या मुली गुन्हेगार नाहीत. लेख दोन वर्षं रखडला आणि शेवटी गुणसूत्रांच्या फोटोंवरच छापून आला. माझंही नाव त्यात आहे. मॅट्रिक झालेल्या बाईचं नाव कशाला, असं वरून विचारणा आली होती, त्याला त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कुणी कधी सांगितलं नाही. आणि हो, तो फॉर्म. तो त्यांनी बदलून घेतलाच. आता त्यावर फक्त 'ठिपका दिसला' किंवा 'दिसला नाही' एवढंच असतं.

आमची बदली झाली तेव्हा त्या हावड्याला पोचवायला आल्या होत्या. गाडी सुटेपर्यंत नव्या सूक्ष्मदर्शकासाठी चाललेल्या भांडणाबद्दल बोलत राहिल्या. तीच शेवटची भेट. झरना लिहिते की कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. त्या काळी आम्ही सगळेच काचेच्या नळीनं रक्त तोंडानं ओढून मोजायचो. त्यांनी तर जन्मभर ओढलं, आणि ही कावीळ रक्तातूनच लागते. त्याला आता त्याग वगैरे म्हणतात. त्याग कसला? तोंडाऐवजी नळीला लावायच्या रबरी फुग्यांसाठी त्यांनी पाच अर्ज केले होते, पाचांची नक्कल मी टाइप केलेली आहे. मला रडू येतं त्यापेक्षा राग जास्त येतो, आणि तो मी आवरणार नाही.

त्या आंतर्देशीय पत्राच्या आतल्या घडीवरचा मजकूर मी त्या दिवशी वाचला नव्हता. दुसऱ्या दिवशी वाचला. झरना आता त्याच इस्पितळात स्टाफ नर्स आहे. तिनं लिहिलं होतं की नव्या साहेबांनी शनिवारची बैठक बंद केली आणि जिन्यातली खोली पुन्हा खाटांसाठी मागितली. सामान काढायला तीच गेली. 'पाट उचलला तर हातातून सुटून उलटा पडला. खालच्या बाजूला कागद चिकटवलेला होता. नावाची पट्टी कात्रीनं कापून काढलेली, सही तेवढी ठेवलेली. दुसऱ्या चौकोनावर खूण. कोपऱ्यावर माझ्या आईच्या बोटाचा हळदीचा डाग. तो माझा कागद, दीदी. इतकी वर्षं सगळ्याजणी त्यावर पाय टेकत होतो आणि कुणाला माहीत नव्हतं.'

मलाही माहीत नव्हतं. मंडळापुढे जाऊन आल्यावर त्यांनी पाट पॉलिशला म्हणून घरी नेला होता. परत आणला तेव्हा पॉलिशचा वास नव्हता, माझ्या टेबलावरच्या डिंकाचा होता. मी विचारलंही नाही.

पत्राच्या शेवटच्या चार ओळी तिनं अक्षर बारीक करून कोपऱ्यात बसवल्या आहेत. खाटा तिनं जिन्यातच उभ्या करून ठेवल्या. शनिवारी ड्यूटीच्या गणवेशात जाऊन खोली उघडली, विटा मांडल्या, पाट ठेवला आणि वॉर्डातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला खुर्चीत बसवलं. ठरल्या वेळी दत्त जिना उतरून आले, पाठोपाठ निवृत्त झालेले सान्याल काठी टेकत. पाटाखालचा तो कागद आता काढून टाकूया का, असं दत्तांनी विचारलं. झरना लिहिते, 'मी म्हटलं, राहू दे. अजून पुष्कळ पाय यायचे आहेत.'